पावसाळ्यात कुठला मासा घ्यायचा? खारेपाटातल्या तळ्यातल्या जिताड्याचा रिव्ह्यू

जून-जुलैत मासे खायचेच आहेत पण घ्यायचं काय, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते, रायगडच्या खारेपाटातला तळ्यातला जिताडा घ्या, पण घेताना दोन गोष्टी नक्की विचारा. पिल्लू कुठून आणलं, आणि त्याला खायला काय घालता. ह्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर डोळे झाकून घ्या. नाही मिळाली तर त्यापेक्षा रोहू-कटला घेतलेला बरा, का ते पुढे सांगते.

आम्ही घेतो ते अलिबाग-पेण पट्ट्यातल्या एका कुटुंबाकडून, नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा मिळून बघतात. दुकान नाही, बोर्ड नाही, घरामागे तळं आणि फोनवर ऑर्डर. नाव आणि नंबर इथे टाकत नाही कारण घरगुती मंडळी आहेत, त्यांना न विचारता टाकणं बरोबर नाही, आणि खरं सांगायचं तर त्या भागात असं एकच कुटुंब नाहीये, अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडकडे गेलात तर घराला लागून तळं असलेली कितीतरी घरं दिसतील. त्यामुळे हा रिव्ह्यू एका विक्रेत्याचा कमी आणि ह्या मालाचा जास्त समजा.

ज्यांना जिताडा माहीत नाही त्यांच्यासाठी, हा खाडीतला मासा, मोठे खवले, पांढरं घट्ट मांस, काटे कमी आणि मोठे, त्यामुळे लहान मुलांना आणि काट्यांना घाबरणाऱ्यांनाही चालतो. अॅपवर तो 'सीबास' म्हणून असतो, बंगाली दुकानात 'भेटकी' म्हणून आणि बाहेरच्या देशात राहणाऱ्यांना 'बारामुंडी' म्हणून मिळेल, मासा एकच. रायगडात ह्याचा मान एवढा की साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर जिताडा पोचवायचा असं लोक बोलतात.

आता तळ्याबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. खारेपाट म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवून केलेली भातजमीन, पाणी आतबाहेर करायला उघाडी असते. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग तिथे भात होत नाही, वर्षानुवर्षं होत नाही. त्या जमिनीचं करायचं काय, तर काही लोकांनी तिथेच तळी केली, निमखाऱ्या पाण्यात जिताडा मस्त वाढतो. म्हणजे इथे तळ्यासाठी कांदळवन तोडलेलं नाही, गेलेली शेती वापरात आली आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण जगभर कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवनं साफ झालीत आणि मत्स्यशेतीला जी वाईट नावं पडली त्यातलं मोठं कारण ते आहे. आपल्याकडे हायकोर्टाने २०१८ मध्ये कांदळवन तोडायला स्पष्ट मनाई केली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. तुम्ही कुठे तळं बघायला गेलात तर बांधाच्या बाहेरच्या बाजूला कांदळवन उभं आहे की नुसते ठोंब राहिलेत ते एकदा बघा, पाच मिनिटांत कळतं.

पहिला प्रश्न, पिल्लू कुठून. जिताड्याची पिल्लं पूर्वापार खाडीतून धरून तळ्यात सोडायचे आणि काही ठिकाणी अजून तेच चालतं. ऐकायला पारंपरिक आणि छान वाटतं पण हिशोब करा, खाडीतला जिताडा आधीच कमी झालाय, कारखान्यांचं पाणी आहे, बारीक आसाची (छिद्रांची) जाळी आहेत, आणि त्यात उरलेली पिल्लंही आपण उचलून तळ्यात टाकली तर खाडीत परत येणार काय. शिवाय ह्या माशाची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला तो सहा-सात किलोचा धूड जिताडा, जो पकडला की फोटो काढून ग्रुपवर फिरतो, ती बहुतेक वेळा अंड्यांवर येणारी मादी असते. खालून पिल्लं काढायची आणि वरून माद्या काढायच्या, मग मधे उरतं काय!

म्हणून हॅचरीचं, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करतात तिथलं पिल्लू पाहिजे. चेन्नईची केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्था, सीबा म्हणतात तिला, त्यांनी १९९७ मध्येच ह्या माशाची पिल्लं हॅचरीत तयार करून दाखवली, तंत्र नवीन नाही. आम्ही ज्यांच्याकडून मासा घेतो ते काका हॅचरीचंच पिल्लू आणतात, प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून येतं, आल्यावर थेट तळ्यात सोडत नाहीत, आधी छोट्या जाळ्यात ठेवतात आणि साईझप्रमाणे वेगवेगळं करत राहतात कारण ही जात अशी की मोठं पिल्लू छोट्याला गिळतं. हे वेगळं करायचं काम त्यांची बायको, म्हणजे काकू करतात आणि ते बघून मला कळलं की ह्या माशाचा भाव उगाच नाहीये.

दुसरा प्रश्न, खाणं. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि ह्यावर कोणी बोलतच नाही. जिताडा मांसाहारी. त्याला पेंड-कोंडा चालत नाही, मासाच लागतो. आणि बऱ्याच ठिकाणी हा खुराक म्हणजे ट्रॉलरला जाळ्यात येणारी बारीक मिक्स मासळी, जिच्यात बाजारातल्या चांगल्या माशांची पिल्लंही बरीच असतात. अशा मासळीवर एक किलो जिताडा वाढवायला चार ते आठ किलो मासळी लागते. नीट वाचा, समुद्रातले चार ते आठ किलो मासे घालून एक किलो मासा, आणि वर लेबल काय तर 'शाश्वत मत्स्यशेती'. हे शाश्वत नाही, हा समुद्रावरचा बोजा फक्त दुसऱ्या दाराने आणलाय. गोळी खाद्य वापरलं तर दीड-दोन किलोत भागतं, पण गोळीतही फिशमील, म्हणजे सुकवलेल्या माशांची पूड असते, किती आहे ते गोणीवरचं वाचावं लागतं.

आमचे हे काका तळ्यात चिलापी (तिलापिया) सोडतात. चिलापी शेवाळ-बिवाळ खाऊन जगते, आणि तळ्यात भराभर पिल्लं घालते, इतकी की नुसत्या चिलापीच्या तळ्यात ती डोकेदुखीच होते. इथे तीच पिल्लं जिताड्याचं जेवण. मधेमधे गोळी खाद्य देतात, पण समुद्रातली बारीक मासळी विकत आणून घालत नाहीत. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "ताई, मासा कितीला ते सगळी विचारतात, मासा काय खातो ते कोण नाय विचारत." ह्यात जिताड्याची वाढ थोडी हळू होते आणि माल कमी निघतो, त्यामुळे भाव सुरमईच्या आसपास जातो. मला तो भाव पटतो. ज्यांना नाही पटत त्यांच्यासाठी पुढे पर्याय दिलेत.

आता हे सगळं जून-जुलैतच का. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, ६१ दिवस. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. ह्या दिवसांत बऱ्याच माशांचं अंडी घालायचं चाललेलं असतं, आणि कोळी लोक कायदा यायच्या आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जात नव्हते. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना सूट आहे, खाडीतली मासळी, निवट्या, चिंबोऱ्या येत राहतात, ते ठीक. पण जुलैच्या मध्यात तुमच्यासमोर टोपलीभर पापलेट मांडून कोणी 'आजचा ताजा, इथलाच' म्हणत असेल तर विचार करा, एकतर तो बर्फातला आहे, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलाय, नाहीतर बंदी मोडून आणलाय. विचारायला लाजू नका. आमच्या मार्केटमधल्या मावशी विचारलं की खरं सांगतात, हा फ्रोजन, हा विशाखापट्टणमचा, हा तळ्यातला, त्यांना लपवायचं काही नसतं. उत्तर टाळतात ते शक्यतो चकाचक काउंटरवाले.

आणि पापलेटचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ४ सप्टेंबर २०२३ ला सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, पालघरकडच्या सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती कारण त्यांचं सगळं घर पापलेटवर चाललेलं आणि मासा दरवर्षी कमी येतोय हे त्यांना सगळ्यात आधी दिसत होतं. त्याच सुमारास ५४ जातींसाठी किमान साईझ ठरवून दिली, त्यापेक्षा छोटा मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. तुम्हीच सांगा, साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे केवढा, हाताच्या पंजाएवढाही नाही! मला तर ही मर्यादाही कमीच वाटते. आणि तरीही त्याच्याहून छोटे पापलेट, चपटी पानं नुसती, वाटा लावून विकायला असतात आणि आपण 'स्वस्त मिळाले' म्हणून घेतो. हॉटेलवाल्यांना एका प्लेटमध्ये बसेल असा अख्खा पापलेट पाहिजे असतो, तंदूरला लावायला, त्यामुळे छोट्या साईझला गिऱ्हाईक कायम तयार. जोपर्यंत ते गिऱ्हाईक आहे तोपर्यंत जाळ्याचे आस मोठे होणार नाहीत, कितीही जीआर काढा.

कायदे नाहीत असं अजिबात नाही. सागरी मासेमारीचा आपला कायदा १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड वाढवले, एलईडी लावून मासेमारी केली तर पहिल्या वेळेलाच ५ लाख आणि परत परत सापडलात तर २० लाखांपर्यंत. एलईडीवर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरमध्येच बंदी घातली होती. रात्री समुद्रात जनरेटर लावून झगझगीत उजेड पाडायचा, मासे उजेडाला गोळा होतात, लहान-मोठं काही न बघता सगळा थवा उचलायचा, आणि बाजूला साध्या जाळ्यावाला रात्रभर बसून रिकामा परत. पर्ससीनवर, म्हणजे अख्ख्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आले, ठरावीक क्षेत्रात आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढंच. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनने नजर ठेवणं सुरू झालं, ते मला खरंच चांगलं पाऊल वाटतं, कारण एवढ्या लांब किनाऱ्यावर दोन-चार गस्ती नौका किती ठिकाणी पुरणार. पण ड्रोनला समुद्रातली बोट दिसते, आपल्या पिशवीतला मासा नाही दिसत. तो बघायचं काम आपलं आहे आणि म्हणून मी एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहितेय.

बरं, आता चव.

पाऊण ते दीड किलोचा मासा येतो, वर्षभर वाढवलेला. मांस पांढरं, पाकळ्या सुटतात, पोटाकडची तुकडी तेलकट आणि तीच सगळ्यात भारी. खाडीतल्या जिताड्याशी तुलना केली तर खाडीतल्याची चव जास्त गडद असते हे मान्य, घरात जुनी माणसं असतील तर त्यांना फरक लगेच कळतो. पण बर्फात किती दिवस राहिलेत ते माहीत नसलेल्या सुरमईपेक्षा हा ताजा जिताडा शंभर टक्के सरस. डोकं फेकू नका, डोक्याचं कालवण करा, आगरी मसाला, चिंच किंवा कोकम, लसूण ठेचून, खोबरं अगदी थोडं. मधल्या तुकड्या जाडसर कापून घ्या, मीठ-हळद-आगळ लावून अर्धा तास ठेवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर तळा. मोठ्या आचेवर बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते, तुकडी जाड असते.

तक्रार एक आहे. खूप पाऊस झाला की तळ्यातलं पाणी गोडं होतं, शेवाळ वाढतं आणि माशाला मातकट वास लागतो. मागच्या पावसाळ्यात एक मासा असा आला होता, वाईट नव्हता पण चिखलाची चव जिभेवर राहत होती. ह्यावर उपाय आहे, मासा काढायच्या आधी दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवायचा, वास बराचसा निघून जातो. फोन करून सांगितलं तर काकांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर ते एका छोट्या टाकीत ठेवून मग देतात, पण जास्त ऑर्डर असल्या की टाकी पुरत नाही, तेव्हा ऑर्डर देतानाच 'टाकीतला द्या' असं सांगून ठेवा. तरी वास वाटलाच तर चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा.

सर्व्हिसचं सांगायचं तर बेताची आहे. घरपोच नाही, मुलगा आठवड्यातून एकदा पनवेलपर्यंत गाडी घेऊन येतो, तिथून आपण घ्यायचा. बर्फ भरपूर घालतात, ते चोख. साफ करून पाहिजे तर सांगावं लागतं आणि खवले नीट निघालेले नसतात, घरी परत एकदा बघा. वजन मात्र साफ करायच्या आधीचं लावतात, हे सगळीकडेच असतं पण पहिल्यांदा घेणाऱ्याला धक्का बसतो म्हणून लिहिलं. बिल मिळत नाही, आणि हॅचरीचा कागद मी मागितला तेव्हा मोबाईलवर फोटो दाखवला. माझी खरी अपेक्षा अशी की पिशवीवर साधा एक स्टिकर लावावा, तळं कुठलं, पिल्लू कुठलं, खाद्य काय, काढला कधी. हे मी त्यांना सांगितलंय. निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीला २००५ च्या कायद्याप्रमाणे कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीकडे नोंदणी करावी लागते, तो नंबरही स्टिकरवर आला तर गिऱ्हाईकाला दुसरं काही विचारायलाच नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे अशा छोट्या लोकांना वीज, कर्ज, विमा शेतकऱ्यासारखा मिळायचा रस्ता मोकळा झालाय, तो कागद खालपर्यंत पोचला तर एका टाकीच्या चार टाक्या व्हायला वेळ लागणार नाही.

अॅपवरूनही हाच मासा मागवून बघितला, नाव घेत नाही. फिले सुंदर कापलेलं, पॅकिंग एक नंबर, पण कुठल्या राज्यातला ते कुठेही लिहिलेलं नाही. कस्टमर केअरला खाद्याबद्दल विचारलं तर 'आमचे सर्व प्रॉडक्ट प्रीमियम क्वालिटीचे आहेत' हे एकच वाक्य परत परत. चव ठीक. पण परत नाही घेणार, कारण मला जे माहीत करून घ्यायचं होतं ते त्यांच्याकडे नाहीच.

जिताडा परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर रोहू-कटला हा प्रामाणिक पर्याय आहे. हे मासे वनस्पती आणि पाण्यातलं बारीक शेवाळ, बारीक जीव खाऊन वाढतात, त्यांच्यासाठी समुद्रातून मासे काढावे लागत नाहीत, काट्यांची सवय मात्र पाहिजे. उजनीची चिलापी भिगवणला ताजी मिळते, पुणे-सोलापूरवाल्यांना जवळ. मालवण-वेंगुर्ल्याकडे शिनाणे आणि कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव पाळतात, त्यांना तर काहीच खायला घालावं लागत नाही, पाणी गाळून स्वतःचं स्वतः जगतात, माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहेत, फक्त आमच्या भागात पाळलेले मिळत नाहीत. कोळंबी घेत असाल तर बहुतेक व्हॅनामेई जातीचीच असते, तळ्यातलीच, तिथेही नोंदणीचं विचारा. आणि एक गोष्ट अजिबात घेऊ नका, थाई मांगूर. केंद्राने २००० सालीच त्यावर बंदी घातलीये, हा मासा तळ्यातून निसटला की नदीतले देशी मासे संपवतो आणि घाण पाण्यात काहीही खाऊन वाढवलेला असतो, तरी स्वस्त म्हणून अजून विकला जातो.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक मार्क कापला तो मातकट वासाच्या बेभरवशाचा आणि लेबल नसण्याचा.

मागवणार असाल तर दोन-तीन दिवस आधी फोन करा, सणाच्या आधीच्या आठवड्यात माल लवकर संपतो. आणि मोठाच पाहिजे म्हणून हट्ट करू नका, सव्वा किलोच्या आसपासचा घ्या, चौघांना दोन वेळा पुरतो आणि तुकडीही नीट पडते.